कंपवात : मेंदूतील धुमसता दाह



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने वैद्यकातला विषय निवडावा, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी वैद्य नव्हे. परंतु ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांचे एक देणे माझ्याकडून राहून गेले आहे.

१९६४ साली मी येथे नववीत होतो. सरांचे फळ्यावरील बाळबोध अक्षर म्हणजे इंदुरातील आम्हां मराठी मुलांचा कित्ता. त्या वर्षी ते अक्षर बारीक होऊ लागले. ओळीच्या आरंभी ठसठशीत असे, शेवटास मुंगीएवढे. हात टेबलावर नुसता ठेवला की थरथरे. खडू उचलला की थरथर कमी होई. चेहऱ्यावरचे हसू मावळले. मुलांत कुजबुज सुरू झाली, की सर ‘घेतात’. त्या कुजबुजीत मीही होतो. वर्ष संपण्यापूर्वीच सरांनी नोकरी सोडली. चार वर्षांपूर्वी माझी स्वतःची सही आक्रसू लागली आणि डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, तेव्हा प्रथम डोळ्यांसमोर आला तो सरांचा फळा.

लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये सहा रुग्णांच्या आधारे या व्याधीचे वर्णन केले. त्यांपैकी काहींना तर त्याने केवळ रस्त्यात पाहिले होते. मेंदूच्या बुडाशी काळसर रंगाचा एक लहानसा भाग असतो. तेथील चेतापेशी डोपामिन नावाचे रसायन निर्माण करतात आणि आपल्या हालचालींना ओघ येतो तो त्याच्यामुळे. या पेशी हळूहळू मरत जातात. पहिला कंप दिसतो तोवर त्यांचा मोठा वाटा नाहीसा झालेला असतो. डोपामिनची तूट भरून काढणारे लेव्होडोपा हे द्रव्य १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून वेगळे काढले होते. मात्र तोंडाने घ्यायचे परिणामकारक औषध म्हणून ते १९६७ नंतरच रूढ झाले. सरांना ते वेळेत मिळाले नाही. (कोणी उत्साहाच्या भरात खाजकुइलीचे चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नये, मात्रेचा हिशेब फार नाजूक असतो.)

हे औषध तूट भरते, पेशी वाचवीत नाही. मग पेशी मरतात कशाने? याची कारणे अनेक आहेत. पेशींत साचणारे एक विकृत प्रथिन हे त्यांतले प्रमुख. दुसरे सूत्र दाहाचे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. मेलेल्या पेशींचा कचरा उचलणे आणि जंतूंशी झुंजणे हे त्यांचे काम. १९८८ मध्ये व्हँकूवर येथील पॅट्रिक मॅकगीर आणि सहकाऱ्यांना कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूत, नेमक्या त्या काळसर भागात, या राखणदार पेशी खवळलेल्या स्थितीत आढळल्या. खवळलेला राखणदार चोराबरोबर घरच्यांनाही झोडपतो. त्याने सोडलेली रसायने निरोगी चेतापेशींना इजा करतात. त्या मरतात, की त्यांचा कचरा पाहून तो अधिकच खवळतो. आग आधी की धूर आधी, याचा निवाडा अजून झालेला नाही.

येथे मला भाषेच्या माणसाचा अधिकार थोडा वापरू द्या. ‘मेंदूला सूज’ म्हटले की रुग्णाच्या घरचे मेंदूज्वर समजून हादरतात. या दाहात ताप नाही, ठणका नाही, शुद्ध हरपणे नाही. तो पेटत नाही, धुमसतो. राखेखालचा निखारा वर्षानुवर्षे धुमसावा, तसा. मराठीत हे क्रियापद असताना आपण रुग्णाला उगाच भिववितो.

हा निखारा विझविता येईल काय? मधुमेहावरील काही औषधे प्रयोगशाळेत दाह शमवून चेतापेशींना जपतात असे दिसले होते. त्यांपैकी एक्झेनाटाइडने २०१७ च्या छोट्या चाचणीत मोठी आशा दाखविली. पुढे १९४ रुग्णांवर ९६ आठवडे चाचणी झाली; २०२५ मध्ये निष्कर्ष आला, की लाभ नाही. त्याच कुळातील लिक्सिसेनाटाइडची फ्रान्समध्ये १५६ रुग्णांवर चाचणी झाली. २०२४ च्या अहवालानुसार वर्षभरात औषध घेणाऱ्यांच्या हालचाली जवळजवळ होत्या तेथेच राहिल्या, इतरांच्या थोड्या खालावल्या. पण फरक लहान, आणि औषध घेणाऱ्यांपैकी निम्म्याजवळ लोकांना मळमळ. चेतापेशी निश्चितपणे वाचविते असे सिद्ध झालेले एकही औषध आज नाही. वृत्तपत्रांत ‘कंपवात समूळ नष्ट’ अशा जाहिराती येतात. त्यांना पैसे पाठविणाऱ्यांत सुशिक्षितच अधिक, हे मी खेदाने पाहिले आहे.

मी रोज पाऊण तास झपाट्याने चालतो. त्याने चाल आणि तोल सुधारतो, एवढे खात्रीचे आहे. पेशी वाचत असतील तर तो लाभ वरकड समजतो. आणि रोज एक पान कित्ता गिरवितो, मोठ्या अक्षरांत, सरांच्या वळणाने.

आमच्या वर्गातले जे चार-पाच जण आज समोर बसले आहेत, त्यांच्या वतीनेही सांगतो : सर घेत नव्हते. हे या सभागृहात, साठ वर्षांनी का होईना, मोठ्याने म्हणायचे होते.

पावणेसात झाले. माझ्या गोळीची वेळ टळली, तर व्यासपीठावरून उतरताना दोघांना धरावे लागेल. म्हणून येथेच थांबतो.