आपल्या वर्गाची यादी

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



"तू संगणकातली, त्यातलं काहीतरी बोल," असं संयोजकांनी सांगितलं. मग आधी एक कबुली देते. मेळाव्यासाठी आपण सगळ्यांनी जो ऑनलाइन फॉर्म भरला, तो मी बनवला होता. नाव, मोबाइल, जन्मतारीख, सध्याचं गाव, व्यवसाय. जमा झालेल्या यादीची लिंक मात्र मी ज्याच्या हाती पडेल त्याला उघडेल अशी ठेवली. वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईनं! तीन आठवड्यांनी लक्षात आलं, तेव्हा बंद केली.

लक्षात आलं ते असं. ग्रुपवर एकानं विचारलं, "शेंद्र्याजवळच्या प्लॉटची जाहिरात मलाच येतेय का?" अकरा जणांनी "मलाही" लिहिलं. त्यातले चार पुण्यात राहतात. ती आपल्या यादीमुळेच आली, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ऑरिक झाल्यापासून या पट्ट्यात प्लॉटवाल्यांना तोटा नाही, आणि करमाडला यायचा रस्ता आपण सगळ्यांनीच फोनवर पाहिला होता. पण यादीवरून जाहिरात येऊ शकते, हे नक्की.

दुकानदाराकडे हजार मोबाइल नंबर असले की तो ते फेसबुकसारख्या कंपनीकडे सांकेतिक रूपात चढवतो. कंपनी स्वतःकडच्या नंबरांशी जुळवते आणि जुळले त्यांना जाहिरात दाखवते. पुढची पायरी जास्त चलाख आहे. "यांच्यासारखेच आणखी लोक शोधून द्या," असंही सांगता येतं. मग ज्यानं नंबर कुठेच दिला नाही, त्याच्याही दारात प्लॉटवाला उभा. या कंपन्या आपली माहिती उचलून कुणाच्या हातात ठेवत नाहीत. आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट विकतात. मेटाच्या उत्पन्नाचा जवळजवळ सगळा भाग जाहिरातींतूनच येतो.

माझी आई विचारते, "गुडघ्याचं मी नुसतं बोलले, तर तेलाची जाहिरात कशी आली? फोन ऐकतो का गं?" आई, ऐकायची गरजच नाही. बाबांनी त्याच वायफायवर गुडघेदुखी शोधली होती, आणि तू तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलास.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. एखादं अ‍ॅप "कॉन्टॅक्ट्स पाहू का?" विचारतं आणि आपण "हो" दाबतो. त्या एका बोटानं बाईंचा नंबर जातो, सरांचा जातो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपनं नव्या धोरणाला मान्यता मागितली, तेव्हाही आपण न वाचताच "मान्य" केलं. त्याच धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं, की पर्यायच न देता घेतलेल्या होकाराला होकार कसं म्हणायचं?

इथे बरेच शिक्षक आहेत म्हणून आणखी एक. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. पण मूल आईच्याच फोनवर, आईच्याच नावानं गेम खेळत असेल, तर कंपनीच्या लेखी तिथे मूल नसतंच.

आपली यादी आता फक्त तिघांना उघडते. जन्मतारखेचा रकाना मी काढून टाकला. (वाढदिवस विसरले तर रागवू नका.) स्मरणिकेत कुणाचाही मोबाइल नंबर छापायचा नाही, असंही संयोजकांना सांगितलं आहे. ज्याला हवा असेल त्यानं ज्याचा त्याला विचारावा.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता, त्यात जाहिराती, तिथे "जाहिरात आयडी हटवा" असं मिळतं. जाहिराती थांबणार नाहीत, पण निरनिराळ्या अ‍ॅप्सना तुम्हाला एकाच खुणेनं ओळखणं अवघड होईल. जेवणानंतर मी मागच्या बाकावर बसणार आहे. सर, बाई, फोन घेऊन या, दोन मिनिटांचं काम आहे.