पहिला फोन कोणाला?



या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. झालेल्या कामाचा अध्यक्षाने गौरव करावा, अशी आपल्याकडे रीत आहे आणि गौरव करावा असे काम तुम्ही केलेले आहे. अहमदनगर, जालना, मिरज, वसई, विदर्भ इथल्या कितीतरी मुलांना चारचौघांत उभे राहून बोलायला, पेटीवर सूर धरायला, स्वतःहून पुस्तक उघडायला शिकवले ते रविवारच्या शब्बाथ शाळेच्या वर्गांनी आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या बायबल शाळांनी. आईवडील मूल आपल्या हाती सोपवतात आणि निर्धास्त घरी जातात. त्या निर्धास्तपणाला आपण पात्र आहोत का, हे आज तपासायचे आहे. म्हणून मी एकाच विषयावर बोलणार आहे: आपल्या वर्गांत, शिबिरांत, वसतिगृहांत मुलांवर होणारे लैंगिक आणि शारीरिक अत्याचार. त्यातही माझा भर एका प्रश्नावर आहे. मूल बोलले, की आपण पहिला फोन कोणाला करतो?

इंग्लंडमधली एक हकिगत जरा सविस्तर सांगते, कारण ती शिबिरांचीच आहे. जॉन स्मिथ हा नावाजलेला बॅरिस्टर होता. डॉर्सेटमध्ये नामांकित शाळांतल्या मुलांसाठी ख्रिस्ती उन्हाळी शिबिरे भरत, ती चालवणाऱ्या ट्रस्टचा तो अध्यक्ष होता. मुले त्याच्याकडे ओढली जात. शिबिरात हेरलेल्या मुलांना तो विंचेस्टरच्या आपल्या घरी बोलवायचा आणि पापाचा पश्चात्ताप म्हणून बागेतल्या शेडमध्ये रक्त निघेपर्यंत छडीने मारायचा. १९८२ मध्ये हे प्रकरण शिबिरांच्या धुरीणांपर्यंत पोहोचले. एका धर्मगुरूने चौकशी केली आणि काय काय घडले, ते स्पष्ट शब्दांत लिहून काढले. तो अहवाल मोजक्या लोकांनी वाचला. पोलिसांकडे तो गेला नाही. स्मिथला या कामातून दूर होण्यास सांगण्यात आले. १९८४ मध्ये तो झिंबाब्वेला गेला आणि तिथे त्याने मुलांची शिबिरे सुरू केली. १९९२ मध्ये त्यातल्या एका शिबिरात १६ वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात मृत सापडला. पुढे स्मिथ दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाला. २०१७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर सगळे उघड झाले. २०१८ मध्ये तो मरण पावला, तोवर इंग्लंडमधल्या त्या मारहाणीबद्दल त्याला कोणत्याही न्यायालयात उभे राहावे लागले नव्हते. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, या प्रकरणाच्या चौकशीच्या मेकिन अहवालात त्याच्या हाती सापडलेल्या मुलांची आणि तरुणांची संख्या १३० पर्यंत असावी, असे म्हटले आहे. २०१३ मध्ये हा विषय कानावर येऊनही पुरेसा पाठपुरावा केला नाही, या कारणाने कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी त्याच महिन्यात राजीनामा जाहीर केला.

१९८२ चा तो अहवाल वाचणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांना धक्का बसला असेल, राग आला असेल, त्यांनी प्रार्थनाही केल्या असतील. मुलांची नावे चव्हाट्यावर येऊ नयेत, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले असेल. आणि मग त्यांनी जे केले, ते आपल्याला नीट ओळखीचे आहे. त्यांनी माणूस हलवला. आपल्याकडे याला बदली म्हणतात. या मंडळीतून त्या मंडळीत, शहरातून खेड्यात, शाळेतून वसतिगृहात. बॉस्टनमध्ये कॅथलिक धर्मप्रांताने कितीतरी वर्षे हेच केले. २००२ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या वृत्तपत्राने ते छापले आणि वर्ष संपण्याआधी तिथल्या कार्डिनल लॉ यांना पायउतार व्हावे लागले. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांना बिशप नसतात, प्रत्येक मंडळी स्वतंत्र. तरी २०२२ मध्ये बाहेर आले, की त्यांच्या कार्यकारी समितीच्या कार्यालयात आरोप झालेल्या ७०० हून अधिक जणांची यादी कित्येक वर्षे गुपचूप ठेवली जात होती. तेव्हा हा अमुक एका पंथाचा दोष आहे आणि आपण त्यातले नाही, असा दिलासा इथे बसलेल्या कोणीही घेऊ नये.

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात, तामारेची गोष्ट आहे. आपल्या वर्गांत ती फारशी शिकवली जात नाही. सावत्र भाऊ तिच्यावर बलात्कार करतो. सख्खा भाऊ तिला सांगतो, गप्प राहा, मनाला लावून घेऊ नकोस. आणि बाप, म्हणजे राजा दावीद, हे ऐकून फार संतापतो. त्यापुढे तो काय करतो, ते शास्त्रात शोधून पाहा. काहीच नाही. तो राजा होता, न्याय करणे त्याचे काम होते, आणि त्याने नुसता संताप केला. मला हा अध्याय प्रत्येक पाळकीय समितीच्या पहिल्या बैठकीत वाचला जावा असे वाटते.

आता आपल्या घरी येऊ. २०१५ मध्ये मुंबईत एका धर्मगुरूने १३ वर्षांच्या मुलावर चर्चच्या आवारात अत्याचार केला. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. त्या मुलाचे आईवडील आधी कोणाकडे गेले? चर्चच्या वरिष्ठांकडे. पुढे मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी आपल्यापुढे आलेल्या तक्रारी अधिक चांगल्या रीतीने हाताळता आल्या असत्या, असे २०१९ मध्ये बीबीसीजवळ मान्य केले. हे मान्य करणे मी कमी लेखत नाही. पण त्या आईवडिलांच्या पावलांकडे पाहा. श्रद्धाळू माणसाला संकटात प्रथम देऊळमाता आठवते. तिच्या दारी आलेल्या माणसाला उत्तर काय मिळाले पाहिजे, हा आपला प्रश्न आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचे प्रकरण तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. शाळेच्या वसतिगृहातल्या लहान आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला गुन्हा कळूनही त्याने कळवले नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि सांगितले, की माहीत असून न कळवणे हा गंभीर अपराध आहे. डॉक्टरला जो नियम, तोच शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेला. मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्या किंवा घडेल अशी धास्ती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे. पाळकाला, बिशपला, मदर सुपीरियरला त्यात सूट नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचाऱ्यांपैकी कोणी तिथल्या मुलावर हा गुन्हा केला, तर कायदा तो अधिक गंभीर मानतो. विश्वासाच्या जागेची किंमत कायद्याने ओळखली आहे.

बऱ्याच जणांना वाटते, की पोलिसांकडे जाणे म्हणजे मुलाची धिंड. कायदा तसे सांगत नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचे नाही. त्याची ओळख छापायची नाही. हे नियम कुठे मोडले जात असतील, तर ते पाळायला लावण्यासाठी त्या कुटुंबाबरोबर जाणे, हे मंडळीचे काम आहे. घरी थांबवून ठेवणे हे काम नव्हे.

आणि इथे मला सर्वांत नाजूक गोष्ट बोलायची आहे. आपण अल्पसंख्य आहोत. आपल्याविरुद्ध बोलायला टपलेले लोक आहेत, हे मी नाकारत नाही. बातमी फुटली तर शाळेवर मोर्चा येईल, प्रार्थनास्थळावर दगड येतील, मग चांगली कामेही बंद पडतील, ही भीती पोकळ नाही. गावात चार ख्रिस्ती घरे असतात आणि त्यातले एक फिर्यादीचे, एक आरोपीचे. मला हे सगळे माहीत आहे. तरीही विचारते, ही भीती आपण कोणाच्या खांद्यावर ठेवतो? नऊ वर्षांच्या मुलीच्या. समाजाची अब्रू राखण्याचे ओझे आपण तिच्यावर टाकतो, तिला शाळेत त्याच माणसासमोर पुन्हा बसवतो आणि तिच्या आईला सांगतो, मंडळीत फूट पडेल. फूट त्या माणसाने पाडलेली असते. ज्या मंडळीने स्वतः पोलिसांना कळवले, तिच्यावर चिखल उडेलही, पण तिला निदान सांगता येईल, की आम्ही मुलाच्या बाजूने उभे राहिलो. दडवणाऱ्या मंडळीजवळ सांगायला काही उरत नाही.

क्षमेचेही तसेच. समितीच्या बैठकीत आरोपी रडतो, पाया पडतो, प्रार्थना होते आणि मुलाच्या बापाला विचारले जाते, बंधू, आता क्षमा कराल ना? मित्रहो, ही क्षमा नाही, ही वसुली आहे. ज्याच्यावर अत्याचार झाला, त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार समितीला कोणी दिलेला नाही. पश्चात्ताप खरा असेल, तर तो माणूस न्यायालयात गुन्हा कबूल करील. तुरुंगात त्याला भेटायला पाळकाने जरूर जावे.

खोट्या तक्रारीचे काय, असे विचारतात. चौकशी पोलिसांची आहे, म्हणूनच तर निरपराध माणसालाही त्यातून न्याय मिळू शकतो. बंद खोलीतल्या पंचांकडून तो मिळत नाही. आपण मुलाला उलटसुलट प्रश्न विचारायचे नाहीत, समितीपुढे उभे करायचे नाही, आरोपीला बोलावून खुलासा मागायचा नाही. ऐकायचे. कोणाला सांगणार नाही, असे वचन द्यायचे नाही. मुलाचे शब्द तसेच लिहून ठेवायचे आणि मुलांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकावर किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करायचा. त्या दिवसापासून त्या व्यक्तीला मुलांच्या कामातून बाजूला ठेवायचे. पाळकांना कळवायचे ते या फोननंतर.

हे झाले घडल्यानंतरचे. घडू नये म्हणून काय? केंद्र सरकारने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते, आणि बहुतेकांनी तोवर कोणाला काही सांगितले नव्हते. अत्याचार करणारे निम्मे लोक ओळखीचे, विश्वासाचे होते. असा माणूस आधी आईवडिलांचा विश्वास मिळवतो. गायनाच्या तालमीनंतर मुलाला मोटारसायकलवरून घरी सोडतो, मोबाईलचा रिचार्ज करून देतो, रात्री अकराला मुलीला व्हॉट्सॲपवर वचन पाठवतो, एकट्याला ‘समुपदेशना’साठी खोलीत बोलवतो. प्रत्येक गोष्ट मायेची वाटते. म्हणून माणूस चांगला की वाईट, हे ओळखण्याच्या फंदात न पडता नियम सर्वांना सारखे लावले पाहिजेत, मला आणि बिशपांनाही. मुलाबरोबर कोणतेही मोठे माणूस बंद दाराआड एकटे राहणार नाही. शिबिरात झोपण्याची जागा वेगळी, रात्रीच्या फेरीला दोघे. डिसेंबरमध्ये कॅरलच्या टेम्पोत मुले चढताना आणि उतरताना नावे घेतली जातील. वैयक्तिक मेसेज बंद, गटात पालक असतील. बाहेरगावहून आलेल्या वक्त्याची राहण्याची सोय मुले झोपतात त्या इमारतीत केली जाणार नाही. २०२० च्या पोक्सो नियमांनी मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थांतल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी सांगितलीच आहे. आपले बहुतेक कार्यकर्ते बिनपगारी असतात, एवढ्याने त्यांना वगळू नये.

अठरा ओलांडलेल्या तरुणांना पोक्सो लागू होत नाही. पण पाळकाच्या शिफारशीवर जिची नर्सिंगची जागा किंवा ज्याची बायबल कॉलेजची शिष्यवृत्ती अवलंबून आहे, त्यांची संमती कितपत मोकळी असते? त्यांच्यासाठीही तक्रारीची जागा हवी, आणि तिथे मंडळीबाहेरची एक जाणकार स्त्री असावी.

दुपारच्या सत्रात ठराव येणार आहे. त्यात तीन गोष्टी आहेत: बालसंरक्षणाचे लेखी धोरण, दर वर्षी शिबिरांआधी सर्व कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण, आणि पीडित मुलांच्या उपचारासाठी व वकिलासाठी प्रत्येक मंडळीच्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद. तिसऱ्या कलमावर पैशांची अडचण सांगितली जाईल. वेदीच्या नव्या फरशीला आपण पैसे उभे करतो, तेव्हा हेही करता येतील. आणखी एक कलम त्यात घालावे, अशी अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याची बदली कोणतीही मंडळी करणार नाही आणि कोणतीही मंडळी त्याला स्वीकारणार नाही. मे महिन्याच्या शिबिरांचे अर्ज छापायला जाण्याआधी हा ठराव मंजूर होऊन तुमच्या समित्यांच्या हाती पडला पाहिजे. त्या अर्जांवर पाळकांच्या नंबरच्या वर १०९८ हा नंबर ठळक छापा.