जोतीरावांचा आसूड आणि बैलाचा खांदा

(पोळ्याच्या आदल्या सांजेस कंधार तालुक्यातील एका गावी शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



आज खांदमळणी. बैलांच्या खांद्यांस हळद-लोणी चोळून तुम्ही येथे आलां आहां. हात फिरविला तेथे नुसता घट्टा होता की जखम होती, हे ज्याचे त्याने मनाशी आठवावे.

जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा आसूड’ लिहिला. आसूड हे बैल हाकण्याचे साधन. पण जोतीरावांनी तो बैलावर उगारला नाही. शेतकऱ्याच्या मानेवर बसलेले गोरे अंमलदार, लाचखाऊ कारकून, भिक्षुक आणि सावकार यांच्यावर उगारला. हे पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्यांची नजर गोठ्यापर्यंत गेली होती, हे थोडेच सांगतात. जंगलखात्याने गावची गायराने आपल्याकडे ओढली, तेव्हा गुरांचा चारा तुटला. गुरे खंगून मेली, शेणखत व लेंडीखत आटले, जमिनीचा कस गेला आणि कुणबी कर्जात बुडाला. वरच्या एका हुकमाने आधी मुके जनावर उपाशी पडले, मग धनी! म्हणून गायराने परत द्या, ताली-बांध घालून पावसाचे पाणी मुरवा, जनावरांची अवलाद सुधारा, असे त्यांनी सरकारास बजाविले.

आता घरची गोष्ट सांगतो. मी लहान असता आमच्या लाल कंधारी बैलाचा खांदा सोलला होता. पेरणी खोळंबली होती, सावकाराचा तगादा होता. वडिलांनी तशाच खांद्यावर जू ठेवले. बैल तासात बसला. वडिलांनी त्यास पराणीची आर टोचली आणि बांधावर येऊन ते स्वतःच रडले. वडील निर्दय नव्हते. सावकाराचा धाक त्यांच्यावर, त्यांचा धाक बैलावर. बैलाने मात्र कोणाकडे पाहावे?

बंधूंनो, आपणांवर जुलूम होतो म्हणून आपण ओरडतो, ते योग्यच आहे. पण आपल्या हातातला आसूड कोणाच्या पाठीवर पडतो, हेही पाहिले पाहिजे. मुक्या जिवांस क्रूरपणे वागविण्याविरुद्ध १९६० चा कायदा आहे. परंतु शिपाई काही तुमच्या तासात उभा राहणार नाही. तेथे तुमचे मनच पाहिजे.

आज गावात ट्रॅक्टर आले, बैलजोड्या थोड्या उरल्या. ज्यांच्या दावणीला आहेत त्यांनी इतके करावे : सोललेल्या खांद्यावर जू ठेवू नये. पराणीची आर काढावी. दुपारी औत सोडून पाणी दाखवावे. सुतारदादांनी जू तासून गुळगुळीत करून द्यावे. आणि गायरानावर अतिक्रमण कोणी केले, हे ग्रामसभेत सर्वांनी मिळून विचारावे. मग तो आपला भाऊबंद का असेना.

उद्या झूल घालाल, शिंगे रंगवाल, पुरणपोळी चाराल. परवा जू ठेवण्याआधी झूल काढून खांदा पाहा.