गावात पुस्तकांचे एक दुकान असावे

(वसई येथे ग्रंथप्रेमींच्या मेळाव्यात एका लेखक-शिक्षकाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या भूमीची ओळख करून देताना आपण १७३९ चा वसईचा रणसंग्राम आणि चिमाजी आप्पांचा पराक्रम सांगतो, आणि ते योग्यच आहे. आज विषय ग्रंथांचा आहे, म्हणून मी याच तालुक्यातील एका शिळेचे स्मरण करतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगाव येथे नवव्या लेखाचा अंश सापडला. प्राचीन शूर्पारक हे गजबजलेले बंदर. व्यापारी, खलाशी, भिक्षू यांचा जेथे राबता होता, तेथे हा मजकूर दगडावर कोरला गेला. वाचण्याजोगे लेखन माणसाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असले पाहिजे, ही जाण आपल्या या किनाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वीच होती. पुस्तकांचे दुकान याहून वेगळे काय करते?

आता त्याच वाटेवर आज काय दिसते, ते पाहू. २००९ साली आपली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा अस्तित्वात आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपण पेढे वाटले. मात्र रात्री आठ वाजता गर्दीतून अंग सोडवीत विरार स्थानकाबाहेर आलेल्या गृहस्थाला वाटले की, मुलीच्या वाढदिवसासाठी एक चांगले मराठी पुस्तक घ्यावे, तर त्याने कोठे जावे? ‘पुस्तकालय’ अशी पाटी असलेली दुकाने आहेत. तेथे वह्या आहेत, गाईडे आहेत, प्रकल्पाचे रंगीत कागद आहेत. वाङ्मयासाठी असते ते एखादे कपाट, आणि पुष्कळदा तेही पाठीमागे.

मी या दुकानदारांना हसत नाही. जूनमधील वह्यांच्या विक्रीवर त्यांचे वर्ष निघते, आणि त्याच उत्पन्नातून ते एक कपाट जगते. स्वतंत्र ग्रंथविक्रेता म्हणतात तो हाच. त्याच्यामागे मोठी कंपनी नाही, शाखांचे जाळे नाही. गल्ल्यावर मालक स्वतः बसतो आणि कपाटात काय ठेवायचे, हेही तोच ठरवितो.

आपल्याच भागातील असे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. नाव घेतलेले त्यांना रुचणार नाही. माझ्या वर्गातील नववीचा एक विद्यार्थी १८५७ च्या समरावरील प्रकल्पासाठी त्यांच्याकडे चित्रांचा तक्ता घ्यायला गेला. त्यांनी तक्ता दिला आणि सोबत विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ पुढे केले. ‘‘हा माणूस त्या वेळी झाशीत होता,’’ एवढेच म्हणाले. गोडसे भटजी पेणजवळच्या वरसईचे. मुलाने ते ‘वसई’ असे वाचले आणि आपल्या गावचाच कोणी भटजी झाशीला गेला होता, या आनंदात पुस्तक घरी नेले! चूक दुसऱ्या दिवशी कळली, पण तोवर पन्नास पाने वाचून झाली होती. पैसे त्याने दोन हप्त्यांत दिले. वर्गात मी हे पुस्तक अनेकदा सुचविले होते. त्याचा परिणाम काय झाला होता, हे आपण ओळखलेच असेल. शिक्षकाने सांगितलेले पुस्तक हा अभ्यास असतो. दुकानदाराने हाती ठेवलेले पुस्तक हा शोध असतो.

या व्यवसायाची आपल्याकडील परंपरा मोठी आहे. गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. त्याच चित्रगृहाच्या सान्निध्यात केशवराव कोठावळे यांनी पुस्तकविक्री आरंभिली, आणि चित्रगृहाचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात दुकानाच्या रूपाने कायम राहिले. जुनी पुस्तके विकणाऱ्या या माणसाने १९६४ च्या जानेवारीत ‘ललित’ मासिक सुरू केले. प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांची वार्ता वाचकाला कळावी, हा त्यामागील साधा व्यावसायिक हेतू. त्याच मासिकात जयवंत दळवींनी ‘ठणठणपाळ’ होऊन लेखकांच्या टोप्या उडविल्या आणि वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाच्या हाती हातोडा देऊन त्याला चेहरा दिला. केशवराव स्वतः प्रकाशक झाले. पार्ल्यात ‘मॅजेस्टिक गप्पा’ रंगल्या, तेव्हा आपल्या पश्चिम रेल्वेवरील किती तरी कुटुंबे त्या ऐकायला जात. दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकाला जाताना तेथील मॅजेस्टिकच्या दालनात डोकावल्यावाचून तिकीट हाती घ्यायचे नाही, असा आमच्या पिढीचा शिरस्ता होता.

पॉप्युलरची कथाही अशीच. १९२४ साली गणेश भटकळ यांनी काढलेल्या पुस्तकांच्या दुकानातून पुढे मराठी साहित्याला वळण देणारी प्रकाशनसंस्था उभी राहिली. पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या बाईंनी १९१९ साली ‘शेक्सपिअर अँड कंपनी’ हे दुकान उघडले, आणि अन्य प्रकाशक हात लावायला धजत नव्हते ते जेम्स जॉइसचे ‘युलिसिस’ १९२२ मध्ये याच दुकानदार बाईंनी छापले. गल्ल्यावर बसणारा माणूस वाचकाच्या सर्वांत निकट असतो, म्हणून ज्या धाडसाचा हिशेब इतरांना जमत नाही, तो त्याला जमतो.

मुंबईतील स्ट्रँड बुक स्टॉलही असाच चित्रगृहाच्या आश्रयाने जन्मला. १९४८ साली टी. एन. शानभाग यांनी कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रगृहात तो मांडला आणि पुढे फोर्टात नेला. २००३ मध्ये शासनाने त्यांना पद्मश्री दिली. पुस्तके विकणाऱ्याला पद्म सन्मान, ही घटनाच अपूर्व! २००९ मध्ये शानभाग गेले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये दुकान बंद झाले. शेवटच्या दिवसांत तेथे खरेदीसाठी गर्दी लोटली होती. मला त्या गर्दीचे कौतुक वाटत नाही. ही मंडळी आधीची पाच वर्षे कोठे होती?

आता थोडे हिशेबाचे. समजा, पुस्तकाची किंमत तीनशे रुपये आहे आणि प्रकाशकाकडून दुकानदाराला शेकडा तीस सवलत मिळते. म्हणजे त्याच्या हाती नव्वद रुपये. यातून जागेचे भाडे, वीज, नोकराचा पगार आणि न विकलेल्या पुस्तकात अडकलेली रक्कम. आपण जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘‘किती टक्के सोडणार?’’ वीस टक्के सोडले, तर साठ रुपये गेले आणि उरले तीस. भाजीवाल्याशी घासाघीस करणारे आपण उपाहारगृहात मात्र देयक निमूटपणे भरतो. पुस्तकवाल्याची गणना आपण भाजीवाल्यात केली आहे.

फ्रान्सने १९८१ साली कायदाच केला. नव्या पुस्तकावर विक्रेत्याला पाच टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही, मग तो कोपऱ्यावरचा दुकानदार असो वा मोठी साखळी. पुस्तक ही इतर मालासारखी वस्तू नव्हे, ही त्यामागील भूमिका. आपल्याकडे याउलट ‘कोणतेही पुस्तक शंभर रुपयांत’ अशी प्रदर्शने भरतात. त्यांतून पुस्तके घराघरांत जातात, हे मी नाकारीत नाही. परंतु प्रदर्शन दहा दिवसांनी उठते आणि गावच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक मागे वर्षभर सवलतीची वाट पाहत बसते. पदपथावरील चोरट्या आवृत्त्यांविषयी तर बोलायलाच नको. तेथे लेखकालाही काही मिळत नाही आणि शासनालाही. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्टाची स्वस्त सेवा बंद केली आणि लहान प्रकाशकांचा पाठवणीचा खर्च वाढला.

घरबसल्या संगणकावरून पुस्तक मागविणाऱ्यांना मी दोष देणार नाही. जव्हार-मोखाड्यातील माझ्या शिक्षकमित्रांना तो मोठा आधार आहे. एवढेच लक्षात घ्यावे की, ते यंत्र आपल्याला आपल्याच आवडीचे आणखी काही दाखविते. गोडसे भटजी त्या मुलाच्या आवडीत कोठेच नव्हते.

गेल्या महिन्यात ते गृहस्थ मला म्हणाले, ‘‘सर, वाङ्मयाचे कपाट काढावे म्हणतो. तेवढ्या जागेत दप्तरे राहतील.’’ त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. त्यांची मुले वेगळ्या व्यवसायात आहेत आणि दुकानाची जागा विकत मागणारे आठवड्याला एक येतात. मी त्यांना उपदेश केला नाही. पंचवीस वर्षे ज्याने ते कपाट राखले, त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

आम्ही काही शिक्षकांनी मात्र एक केले. आमच्या शाळेत पारितोषिक म्हणून पितळी मुलामा दिलेले चषक दिले जातात. वर्षभरात त्यांचा मुलामा उडतो आणि ते माळ्यावर जातात. यंदा चषकांऐवजी दोनशे रुपयांची चिठ्ठी देण्याचे ठरले आहे. मुलाने ती घेऊन स्वतः दुकानात जायचे आणि स्वतः पुस्तक निवडायचे. चिठ्ठ्या चाळीस आहेत. सवलत मागायची नाही, असे मुख्याध्यापकांनी पालकांना कळविले आहे. काही पालकांनी विचारले, मुलाने भुताच्या गोष्टींचे पुस्तक आणले तर? आणू द्यावे. नारायण धारपांनी मराठीला किती तरी वाचक मिळवून दिले आहेत!

येथे अनेक शाळांचे शिक्षक आहेत, गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी आहेत, गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते आहेत. आपल्या बक्षिसांच्या खर्चातील थोडा भाग आपापल्या भागातील अशा दुकानाकडे वळविता येईल का, याचा विचार करावा, आणि पुस्तके घाऊक न आणता निवड मुलांवर सोपवावी, एवढीच विनंती आहे.

दिवाळीपर्यंत कपाट हलविणार नाही, असे त्या गृहस्थांनी मला सांगितले आहे. त्यांचे दुकान सोमवारी बंद असते. इतर दिवशी रात्री नऊपर्यंत उघडे असते, आणि विरारला साडेआठच्या आत पोहोचणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत.