घटकाभर बस
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी कीर्तनकार नव्हे, शास्त्रीही नव्हे; जन्मभर कारकुनी केलेला एक संसारी मनुष्य आहे. तेव्हा पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये.

सोलापूर जिल्ह्यातील अरण हे गाव आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. संत सावता माळी यांनी इसवी सन १२९५ मध्ये तेथेच देह ठेवला. पंढरपूर तेथून फार दूर नाही. तरी सावतोबा मळा सोडून वारीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते. वाफ्यात पाणी सोडावे, खुरपे चालवावे आणि त्यातच पांडुरंग पाहावा, हा त्यांचा नेम. आषाढात इतर संतांच्या पालख्या पंढरीस जातात. सावतोबांच्या भेटीस मात्र पांडुरंगाचीच पालखी अरणास येते. वारी व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. वारकरीही पायीच चालतो. त्यालाही घाई नसते.

घाई होती ती मला. नोकरीत असताना माझी देवपूजा एक दिवस चुकली नाही. पण लक्ष सारे घड्याळाकडे. गंध लावले न लावले, नैवेद्य दाखवला, की जोडे घालून मी गाडी गाठण्यास धावे. आई शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. एके सकाळी तिने हाक मारली, "अरे, घटकाभर बस ना माझ्याजवळ." मी म्हणालो, "पूजा आटोपून निघायचे आहे, आई. संध्याकाळी बसतो." संध्याकाळी परतलो, तेव्हा तिची वाचा गेली होती. ती पुन्हा बोलली नाही.

त्या सकाळी देव्हाऱ्यात फुले वाहिली गेली, दिवा लागला. देव मात्र दोन हातांवरच्या अंथरुणातून मला बोलावीत होता, आणि तेवढे मला ऐकू आले नाही.

आता मी सेवानिवृत्त आहे. सूनबाई तुळशीला पाणी घालतात, नातू पाटी घेऊन मांडीवर येतो. मी हातातले काम ठेवतो. माझी तरुण मंडळींना एवढीच विनंती आहे, की त्यांनी यासाठी म्हातारपणाची वाट पाहू नये. पहिला घास उचलण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आणि घरातील वडील माणसाने 'बस' म्हटले, तर बसावे. गाडी दुसरी मिळते.