मुळी काढण्याआधी काटा शोधा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापूस-ज्वारीच्या जोडीला अश्वगंधा लावावी का, असे गावोगाव विचारतात. उत्तराआधी आमच्या घरची गोष्ट सांगतो.

2003 साली मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो. सफेद मुसळीची हवा होती. बेणे विकणाऱ्याने सगळा माल परत घेण्याचे कागदावर लिहून दिले. मीच बाबांना म्हटले, लावू या. बाबांनी कर्जाचा पैसा बेण्यात घातला. मुळ्या निघाल्या तेव्हा त्या दुकानाला कुलूप होते. पीक बुडाले नव्हते, शेतकरी बुडाला होता. तो सल्ला माझा होता, म्हणून आज जपून बोलतो.

अश्वगंधा हे पीक खोटे नाही. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडचे कोरडवाहू शेतकरी ते वर्षानुवर्षे घेतात. नीमचच्या मंडीत मुळ्यांचा लिलाव होतो. आपल्याकडे पडीक रानात उगवणारी आस्कंद ती हीच.

पण कपाशीच्या भारी काळ्या रानात ती लावू नका. पाणी साचले की मूळ कुजते आणि रान कडक झाले की काढताना तुटते. हलकी, निचऱ्याची जमीन निवडा. ऑगस्टमध्ये पेरा. एकरी 4 ते 5 किलो ताजे बियाणे वाळूत मिसळून उथळ टाका. महिन्याभरात विरळणी करा. दाटीत मुळ्या सुतळीसारख्या राहतात.

साधारण 150 ते 180 दिवसांनी पाने वाळतात, फळे लाल होतात. तेव्हा झाड मुळासकट काढा, खोड छाटा, मुळीचे 7 ते 10 सेंटिमीटरचे तुकडे करून वाळवा. एकरी सव्वा ते दोन क्विंटल वाळलेली मुळी निघते. त्याहून मोठे आकडे कोणी सांगितले तर त्याचे रान पाहायला मागा.

खरा भाव ठरतो निवडणीत. जाड, आतून पांढरी, कटकन मोडणारी मुळी पहिल्या प्रतीची. सगळी एकाच पोत्यात भरली, तर व्यापारी सगळीलाच खालचा भाव लावतो. निवडणी घरच्या बायाच करतात. ती मजुरी खर्चात लिहा. ती न लिहिता निघालेला नफा हा नफा नव्हे.

पहिल्या वर्षी दहा गुंठेच लावा. पुढचे बी त्याच लाल फळांतून घरी धरा. दहा जणांनी मिळून एक नमुना दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा, वाहतुकीसह हिशेब मांडा, मगच वाढवा.

कापसाचा भाव पडला तरी त्याचा काटा कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असते. मुळीचा काटा कुठे आहे, ते पेरणीआधी पाहून या. आणि बेणे विकायला येणाऱ्याला एकच विचारा : बाबा रे, तू स्वतः किती एकर लावली आहेस?