जांभळाचा पहिला दिवस
(वसई तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



मे महिना सरत आला की विरार स्थानकाबाहेर पानांच्या द्रोणांतून जांभळे विकणाऱ्या आदिवासी भगिनी दिसू लागतात. सकाळी त्या सांगतात तो भाव सायंकाळपर्यंत टिकत नाही. फळ पाझरू लागते, गाडीची वेळ होते, आणि उरलेली पाटी मिळेल त्या किमतीस देऊन टाकावी लागते.

याचे कारण फळाच्या स्वभावातच आहे. आंबा आढीत पिकतो, केळे धुरीत पिकते. जांभूळ झाडावरून उतरल्यावर पिकत नाही. कच्चे काढून धाडण्याची सोय नाही आणि पिकलेले थांबत नाही. म्हणून फळ खुडले त्या दिवशी जे घडते, त्यावरच बाईच्या पदरात काय पडणार हे ठरते.

आपल्या जिल्ह्यातील बहाडोलीच्या टपोऱ्या जांभळास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ ही जातही दिली आहे. बहाडोलीस झाडाभोवती बांबूंची परांची बांधून फळ हाताने खुडतात. यास खर्च येतो, हे खरे; परंतु जांभळाची फांदी ठिसूळ असते, आणि तिच्यावरून पडलेला माणूस कित्येकदा कायमचा जायबंदी होतो. फांद्या झोडपून पाडलेले फळ फुटते व त्यास माती लागते, ती वेगळीच.

खुडलेले फळ सावलीत ठेवावे. फुटके त्याच जागी वेगळे काढावे, कारण एका फुटक्या फळाचा रस साऱ्या पाटीस आंबवितो. पाटी उथळ असावी व तळाशी पाने अंथरावीत. साठवणीच्या फळास पाणी लावू नये. ते खाण्यापूर्वीच धुवावे. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवण्याची गृहिणींची रीत चांगली आहे, मात्र त्यानंतर स्वच्छ पाणी घ्यावे. छिद्रे पाडलेल्या पिशवीत, सुमारे ९ अंश तापमानास, निवडक फळ दोन-तीन आठवडे राहू शकते. नाजूक तुतीही खाण्यापूर्वीच धुवावी. तिचा देठ मात्र धुण्यापूर्वी काढू नये.

फुटके परंतु ताजे फळ टाकून देण्याचे कारण नाही. ते लगेच धुऊन पोलादी पातेल्यात किंचित गरम करावे, हाताने कुस्करावे व चाळणीतून गाळावे. रंग सालीत असतो. तो उष्णतेने सुटतो. लोखंडी कढई वापरल्यास रस काळवंडतो. विक्रीच्या स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस असावा लागतो. टिकविण्यासाठी सोडियम बेंझोएट ठरलेल्या मर्यादेत वापरावे. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटने जांभळाचा रंग उडतो. बियांचे चूर्ण मधुमेहावर म्हणून खपते. त्यासाठी कोणी डॉक्टरांचे औषध बंद करू नये, एवढे शिक्षकांनी गावात अवश्य सांगावे.

वसईकरांना हे शास्त्र नवे नाही. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, सुक्या पानांत बांधलेली सुकेळी याच भूमीची. जांभळाचा हंगाम मात्र पावसाच्या तोंडावर येतो, तेव्हा वाळवण शक्य नाही; गर काढणे हाच मार्ग.

याकरिता बाजाराच्या जागी एक छप्पर आणि पाण्याचा एक नळ हवा. येत्या अंदाजपत्रकात ग्रामपंचायतींनी ही तरतूद करावी, आणि ती मेपूर्वी वापरात यावी.